दावणीवरच्या म्हाताऱ्या बैलाचा चारा कुणी घालायचा?



पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपण बैलांचे खांदे शेकतो. पळसाच्या पानाने तूप-हळद लावतो आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतो. म्हाताऱ्या बैलालाही त्यातून कुणी वगळत नाही. त्याच्याही शिंगांना बेगड लागते, त्यालाही पुरणपोळीचा घास मिळतो. पण पोळा फुटला, दिवाळी गेली, कुटाराचा ढीग अर्ध्यावर आला, की तोच बैल घरात वादाचा विषय होतो.

हा वाद आपण सगळ्यांनी ऐकला आहे. मुलगा म्हणतो, दोन वर्षे झाली, वखराला जुंपला तर दुसऱ्या तासाला बसतो, त्याला कशाला पोसायचे? आजोबा म्हणतात, ज्याच्या जिवावर विहीर खोदली, लेकीचे लग्न केले, त्याला आता हाकलून देता काय? घरधनीण बहुधा काही बोलत नाही. शेण काढणे तिच्याकडे, पाणी आणणे तिच्याकडे. दर्यापूर, तेल्हाऱ्याकडच्या खारपाणपट्ट्यात उन्हाळ्यात माणसांसाठी गोडे पाणी दुरून आणावे लागते. तिथे दिवसाला ३०-४० लिटर पिणारे जनावर म्हणजे काय, हे तिला विचारा.

या बैलाचे करायचे काय, यावर सभा-संमेलनांत पुष्कळ बोलले जाते. बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या घरी गव्हाण असते. म्हणून आज हा विषय आपल्या अंगणात बसून बोलू.

आधी जुनी रीत आठवा. अदत गोऱ्हा घ्यायचा, नाहीतर घरच्या गाईचा वाढवायचा. दोन दाती झाला की हलक्या कामाला लावायचा. चार दाती, सहा दाती होत पाचव्या वर्षाच्या आसपास जुळला, की पुढची सात-आठ वर्षे त्याची खरी कामाची. मग ओढ कमी झाली की परतवाडा, चांदूर बाजार, हिवरखेड अशा बाजारात न्यायचा. तिथे तो आधी आपल्याहून लहान शेतकऱ्याकडे जाई. पाच एकरवाल्याला जो बैल म्हातारा, तो दीड एकरवाल्याला चालण्यासारखा असे. तिथेही थकला, की शेवटी व्यापाऱ्याकडे. घरी येऊन माणूस एवढेच सांगे, "व्यापाऱ्याला दिला." पुढचे कुणी विचारत नसे आणि ठाऊक मात्र सगळ्यांना असे. आलेल्या पैशात भर घालून नवा गोऱ्हा दावणीला येई. चांगले-वाईट बाजूला ठेवले, तरी हे चक्र होते आणि छोट्या शेतकऱ्याचे भांडवल त्यात फिरत होते.

ही रीत कायद्याने कशी थांबली, ते थोडक्यात सांगतो. महाराष्ट्राचा पशुसंरक्षण कायदा १९७६ चा, लागू झाला १९७८ मध्ये. त्यात गाय आणि वासरे यांच्या कत्तलीला बंदी होती. बैल मात्र शेतीच्या, ओढकामाच्या उपयोगाचा राहिला नाही असा दाखला मिळाला, तर कापता येत असे. पवनारच्या विनोबांना हे पुरेसे वाटले नाही. १९७९ च्या एप्रिलमध्ये त्यांनी गोवधबंदीसाठी उपवास केला आणि कोणत्याही वयाचा बैल कापू नये म्हणून ११ जानेवारी १९८२ पासून मुंबईत देवनारच्या कत्तलखान्यासमोर सत्याग्रह सुरू झाला. तो पुढे वर्षानुवर्षे चालला. १९९५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने बैल आणि वळू यांनाही बंदीत आणणारी दुरुस्ती मंजूर केली. राष्ट्रपतींची संमती तिला मिळाली थेट २०१५ मध्ये. तेव्हापासून बैल कापणे हा पाच वर्षांपर्यंत कैद आणि १० हजार रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा झाला. कापण्यासाठी विकणे, विकत घेणे, त्यासाठी राज्याबाहेर पाठवणे हेही गुन्हे झाले. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दुरुस्तीतली काही कलमे रद्द केली, पण बंदी कायम ठेवली.

न्यायालयांचेही या प्रश्नावर एकमत नव्हते, हे आपल्याला ठाऊक असलेले बरे. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी म्हटले होते की निकामी झालेल्या बैलांवरही सरसकट बंदी घालणे वाजवी नाही, कारण ती जनावरे कामाच्या जनावरांच्या चाऱ्यावर भार होतात. २००५ मध्ये गुजरातच्या खटल्यात सात न्यायमूर्तींपुढे प्रश्न पुन्हा आला. तेव्हा सहा विरुद्ध एक अशा मताने ठरले की म्हातारा बैलही निरुपयोगी नसतो, तो शेण-मूत देतो, सबब बंदी योग्य आहे. म्हणजे अखेरीस सारा निकाल शेणावर येऊन थांबला. तेव्हा शेणाचा हिशेब आपणही मांडून पाहू. तो आपल्या खात्याचा विषय आहे.

गव्हाणीत काय जाते, उकिरड्यावर काय येते

साडेतीनशे किलो वजनाचा गावरान बैल धरा. काम नसले तरी वजनाच्या शेकडा दोन भाग, म्हणजे रोज सात किलो वाळला चारा त्याला जगण्यापुरता लागतो. वर्षाचे झाले साधारण २५ क्विंटल. तुमच्या गावचा कडब्याचा, कुटाराचा भाव तुम्हीच घाला. समजा किलोला पाच रुपये धरले, तर दिवसाचे ३५ आणि वर्षाचे पावणेतेरा हजारांच्या आसपास होतात. ढेपेचा, औषधाचा आणि माणसाच्या वेळेचा खर्च वेगळाच. बैल बाराव्या वर्षी कामातून गेला आणि अठरा वर्षे जगला, तर नुसत्या चाऱ्याचे सहा वर्षांत पाऊण लाखाच्या वर जातात.

आता उलट बाजू पाहा. हाच बैल रोज १० किलोच्या आसपास शेण देतो. वर्षाचे ओले शेण ३६ क्विंटल, कुजून खत होईपर्यंत ते निम्म्यावर येते. म्हणजे तीन-चार बंड्या. त्यातले नत्र मोजले तर साधारण नऊ किलो भरते. ते युरियाच्या ४५ किलोच्या अर्ध्या पोत्यापेक्षाही थोडे कमीच. पण शेणखत म्हणजे नुसते नत्र नव्हे. आपली काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसाळ्यात चिकटून बसते. तिला सेंद्रिय खताने जे येते, ते पोत्यातून येत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर गुरुजी यांनी जिवामृत देशभर नेले. त्यांच्या कृतीप्रमाणे एका एकराला १० किलो शेण लागते, म्हणजे एका बैलाचे एका दिवसाचे.

तेव्हा म्हातारा बैल निरुपयोगी नाही हे खरे. पण तो आपला चारा आपण फेडतो, हे मात्र खरे नाही. खताची बंडी तुम्ही बाजारभावाने लावा, चारा बाजारभावाने लावा आणि ताळा पाहा. ज्याच्या घरचाच चारा आहे, ज्याला स्वतःच्या शेतात खत हवे आहे, त्याची तूट कमी बसेल. ज्याला कुटार विकत घ्यावे लागते, त्याची मोठी. आणि वऱ्हाडात विकत घेणारे वाढलेत. ज्वारीचा पेरा घटून सोयाबीन आले, तसा कडबा गेला. सोयाबीनचे आणि तुरीचे कुटार उरते, पण गंजी लावून वर्ष काढावे अशी ज्वारी आता थोड्याच घरी होते. ई-क्लासच्या जमिनी अतिक्रमणाने आटल्या. गावचा गुराखी जवळपास संपलाच आहे. पूर्वी बिनकामाचे जनावर गावकीच्या चराईवर जगत असे. ते आता दावणीवर जगते आणि तिथला प्रत्येक घास घराच्या हिशेबातला असतो.

यात ट्रॅक्टरचा भाग मोठा आहे. नांगरट, पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर गेली. तण मारायला फवारा आला. बैलाकडे राहिली डवरणी आणि थोडी बंडी. महिना-दीड महिना कामासाठी जोडी बारा महिने पोसायची का, असा प्रश्न तरण्या बैलाबाबतही पडतो, मग म्हाताऱ्याचे काय घेऊन बसलात! २०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गाय-बैल मिळून सुमारे १ कोटी ५५ लाख होते. २०१९ मध्ये ते १ कोटी ४० लाखांवर आले. ही घट फक्त कायद्याने झाली असे म्हणणे बरोबर नाही आणि कायद्याचा त्यात काहीच वाटा नाही हेही पटण्याजोगे नाही. (शंकरपटाला २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायमची वाट मोकळी केली. त्यामुळे तळेगाव दशासरसारख्या पटावर पळणाऱ्या गोऱ्ह्यांना मागणी आहे. पण ती हजारात एखाद्याला.)

घोड्यांची एक गोष्ट

हा प्रश्न फक्त आपला आणि बैलाचाच आहे असे समजू नका. अमेरिकेत घोड्यांबाबत हाच वाद गेली वीस वर्षे चालू आहे. तिथे घोडा शर्यतीला, गुरे राखायला आणि हौसेला पाळतात. म्हातारा, लंगडा किंवा नकोसा झाला की लिलावात विकत आणि तिथून तो कत्तलखान्यात जाई. मांस परदेशी जात असे. घोडा हा सोबती, त्याला कापणे बरे नव्हे, असे लोकमत वाढले. सरकारने तपासणीचा पैसा बंद केला, काही राज्यांचे कायदे आडवे आले आणि २००७ मध्ये तिथले शेवटचे तीनही कत्तलखाने बंद झाले.

पुढे काय झाले, ते तिथल्या संसदेला हिशेब देणाऱ्या तपासणी कार्यालयाने २०११ मध्ये लिहून ठेवले आहे. २०१० मध्ये सुमारे १ लाख ३८ हजार घोडे अमेरिकेतून कॅनडा आणि मेक्सिकोत गेले. बंदीआधी देशात जेवढे कापले जात, जवळपास तेवढेच. म्हणजे घोडा वाचला नाही. गाडीत उभा राहून आणखी शेकडो मैल गेला आणि मग मेला. हलक्या आणि मध्यम प्रतीच्या घोड्यांचे भाव शेकडा ८ ते २१ टक्के पडले. सोडून दिलेल्या, उपाशी ठेवलेल्या घोड्यांच्या तक्रारी वाढल्या. कोलोरॅडो या एका राज्यात २००५ मध्ये अशा ९७५ चौकशा झाल्या होत्या, त्या २००९ मध्ये १,५८८ झाल्या.

ही हकिगत मी बंदीच्या विरोधात सांगत नाही. बंदी हवी म्हणणारे तिथेही दयेपोटीच बोलत होते. पण त्यांनी कत्तलखान्याचे दार बंद केले आणि घोड्याला चारा कोण घालणार, हे ठरवले नाही. आपल्याकडेही तेच झाले आहे. पाच पिढ्यांचे पुण्य सगळ्यांना हवे, गवत मात्र एकाच गंजीतून जावे, असा हा मामला.

आपल्याकडच्या खुणा तुम्ही रोज पाहता. म्हाताऱ्या बैलाला बाजारात गिऱ्हाईक नाही. जे आहे ते दबक्या आवाजात बोलते आणि पडेल किंमत देते. नियमाप्रमाणे एका मालमोटारीत सहाहून जास्त बैल न्यायचे नसतात. चोरट्या मार्गाने जाणारे मात्र कोंबून जातात. म्हणजे बैलाचे हाल कमी झाले म्हणावे, तर तसे नाही. उलट शेतीसाठीच घेतलेली तरणी जोडी घरी नेणाऱ्या शेतकऱ्याची गाडीही रस्त्यात कुणीतरी अडवतो. गाडी तपासणे हे पोलिसांचे काम आहे, वाटेवरच्या टोळक्याचे नव्हे. या त्रासाला कंटाळून २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये कुरेशी समाजाच्या व्यापाऱ्यांनी राज्यभर जनावरांची खरेदी थांबवली. तेव्हा अनेक बाजार ओस पडले आणि ज्यांना म्हशी-रेडे विकायचे होते, जे कायद्याने विकता येतात, तेही अडकले. ऐन पेरणी-डवरणीच्या दिवसांत हाताशी पैसा नसणे म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

उरलेला मार्ग म्हणजे रात्री दावे सोडायचे आणि जनावर दुसऱ्याच्या शिवारात हाकलून द्यायचे. हे कुणी कबूल करत नाही. पण २०१९ च्या गणनेत देशात ५० लाखांवर मोकाट गुरे निघाली, ती आभाळातून पडली नाहीत. उत्तर प्रदेशात तर मोकाट जनावरांपासून पीक राखायला शेतकरी थंडीत रात्री शेतात बसू लागले आणि २०२२ च्या निवडणुकीत हा प्रचाराचा मुद्दा झाला. आपल्याकडे रानडुकरे आणि रोही आहेतच, त्यात आपलेच बैल कशाला! जनावर उपाशी-तहानलेले सोडून देणे हा १९६० च्या कायद्यानेही गुन्हा आहे. त्या कायद्यात पहिल्या वेळचा दंड लिहिला आहे दहा ते पन्नास रुपये. एवढ्या दंडाला कोण भिणार? भीती वाटायची असेल तर ती शेजाऱ्याच्या तुरीची वाटावी.

गोरक्षणाची जुनी घरे

पांजरपोळ, गोरक्षण संस्था वऱ्हाडाला नव्या नाहीत. अकोल्यात एका मोठ्या रस्त्यालाच गोरक्षण रोड म्हणतात. शेजारच्या वर्ध्यात गांधीजींच्या प्रेरणेने १९४१ मध्ये गोसेवा संघ निघाला आणि जमनालाल बजाजांनी आयुष्याचे शेवटचे महिने त्याच कामाला दिले. गांधीजींचा विचार मोठा व्यवहारी होता. नुसती पूजा करून गाय वाचणार नाही, दूध वाढले पाहिजे, जात सुधारली पाहिजे, म्हाताऱ्या जनावराचे शेण-मूत वापरले पाहिजे, आणि मेल्यावर त्याचे चामडे, हाडेसुद्धा कामी आली पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यासाठी वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी मेलेल्या जनावरांच्या कातड्याचे चर्मालय चालवले. बंदी मागणाऱ्यांनी हा अर्धा भाग सोईस्करपणे विसरू नये.

आज गोशाळांना सरकारी पैसा मिळतो. २०१७ पासून गोवर्धन गोवंश सेवा केंद्र योजना आहे, २०२३ मध्ये गोसेवा आयोगाचा कायदा झाला आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने गोशाळांतल्या देशी गाईंसाठी रोज ५० रुपयांचे अनुदान ठरवले. चांगले आहे. पण दोन गोष्टी स्पष्ट बोलायला हव्यात. एक, हा पैसा देशी गाईच्या नावाने आहे आणि आपल्या दावणीला प्रश्न आहे बैलाचा. कायद्याने गाय-बैल एका दाव्याला बांधले, तर अनुदानही एकाच मापाने मोजले पाहिजे. दुसरे, पैसा गोशाळेला मिळतो, गोठ्याला मिळत नाही. तुम्ही बैल घरी नीट पोसला तर तुम्हाला काही नाही, तोच गोशाळेच्या दारात नेऊन बांधला तर फार तर तिथे त्याचा विचार होणार. माझ्या मते हे उलटे आहे. बैल जिथे वाढला तिथेच त्याला राखणे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दयेचे. तो गोठा ओळखतो, माणसे ओळखतात, शेण शेतातच पडते, वाहतूक लागत नाही. शेकडो जनावरे एका ठिकाणी कोंडली की रोगराई आणि चाऱ्याची वाहतूक दोन्ही वाढतात. २०२२ मध्ये लंपीने आपल्या जिल्ह्यांचे काय केले, ते आठवा.

उत्तर प्रदेशाने २०१९ मध्ये एक योजना काढली. निराधार जनावर घरी सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला दिवसाला ३० रुपये, पुढे २०२३ मध्ये ते ५० झाले. कल्पना बरी आहे, पण तिथे जनावर आधी मोकाट व्हावे लागते आणि मग त्याला पैसे लागतात. महाराष्ट्राने एक पाऊल पुढे जावे. बारा वर्षांवरचा, कानात बिल्ला असलेला, पशुधन पर्यवेक्षकाने वर्षातून दोनदा पाहिलेला बैल ज्याच्या दावणीला आहे, त्याला चाऱ्याचा निम्मा खर्च थेट खात्यात द्यावा. फसवणूक होईल म्हणाल, तर ती कुठे होत नाही? बिल्ल्यावरचा बारा आकडी क्रमांक त्यासाठीच आहे. ग्रामसभेत हा ठराव मांडायला हरकत नाही. मी सरकारी नोकर आहे, ठराव तुम्हीच मांडायचा.

तोवर आपल्या हातात काय

अनुदानाची वाट पाहत बसू नका. जोडी घेतानाच म्हातारपणाचा विचार करा. दोन्ही बैल एकाच वयाचे घेतले की दोन्ही एकाच वर्षी थकतात, दोघांचा चारा आणि नव्या जोडीची किंमत एकदमच अंगावर येते. चार-पाच वर्षांचे अंतर ठेवले तर हे टळते. पाच एकरांच्या आतल्या शेतकऱ्याने जोडीचा हट्ट धरू नये. एक बैल तुमचा, एक शेजाऱ्याचा, अशी सावड करावी. भांडणे होतात हे खरे. ज्येष्ठात आधी कुणाचे शेत, हे चैत्रातच दोघांनी बसून ठरवले तर पुष्कळशी टळतात. बैल पुरता थकण्याआधी, दात-पाय धड असताना, हलके काम असणाऱ्याला विका. एकबैली डवरा, पाण्याची टाकी ओढणे अशी कामे तो आणखी दोन-तीन वर्षे ओढतो. विकताना बाजार समितीची पावती घ्या आणि बिल्ल्याच्या नोंदीत मालकाचे नाव बदलून घ्या. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री आणि वाहतूक चालत नाही. पुढे ते जनावर कुठे चुकीच्या जागी सापडले, तर ही पावतीच तुमची साक्ष असते.

घरी ठेवायचाच ठरले, तर त्याला वेगळा बांधा. एकाच गव्हाणीवर तरणा बैल म्हाताऱ्याला खाऊ देत नाही. दाढा झिजलेल्या असतात, अख्खा कडबा चावता येत नाही आणि आपण म्हणतो, "खात नाही." कुट्टी करून, पाणी शिंपडून, चिमूटभर मीठ घालून द्या. वाळले सोयाबीनचे कुटार एकटेच भरपूर देऊ नका, त्यात ज्वारीचा नाहीतर गवताचा चारा मिसळा. गुडघे धरले असतील तर खाली मुरूम-माती ठेवा, फरशीवर तो उठताना घसरतो. बसलेला बैल दिवसातून दोन-तीनदा कूस बदलून बसवावा लागतो, नाहीतर खालच्या अंगाला जखमा होतात. हे काम दोघांचे आहे. एकट्या बाईवर टाकू नका.

लंगड्या बैलाला वेदनेचे इंजेक्शन देताना एक पथ्य पाळा. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ पासून बंदी आहे, किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅकवर २०२३ पासून. ही औषधे टोचलेले जनावर मेले आणि ते गिधाडांनी खाल्ले, की गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. तुमच्या लहानपणी ओढ्याकाठी मेलेला बैल दोन तासांत साफ होत असे. आता तो आठ दिवस सडतो आणि कुत्री पोसतो. त्याचे हे मोठे कारण. मेलॉक्सिकॅम मागा, ते गिधाडांना सुरक्षित आहे. आणि दुखणे बरे होण्यापलीकडचे असेल, बैल उठतच नसेल, किडे पडले असतील, तर नुसते हातावर हात धरून पाहत राहू नका. कायद्यात अशा जनावराची वेदनेतून सुटका करण्याची तरतूद आहे, पण ती पशुवैद्यकाच्या तपासणीने आणि रीतसर हुकुमानेच होते. गावातल्या कुणी परस्पर काही टोचू नये. पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन विचारा. त्यात पाप नाही. चार दिवस तडफडू देण्यात आहे.

मेल्यानंतरचे काम पूर्वी गावाने एकाच जातीवर ढकलले होते. १९२७ च्या महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी ते सोडायला सांगितले आणि ते सुटले, ते योग्यच झाले. आता मालकानेच व्यवस्था करायची. विहीर, नाला आणि वस्तीपासून दूर, उंच जागी माणसाच्या उंचीएवढा खड्डा घ्या. मशीनवाल्याला बोलवावे लागले तर पैसे आधीच ठरवा. तळाला चुना, बैलावर पुन्हा चुना आणि मीठ, मग माती, आणि वर काटेरी फांद्या म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. पावसाळ्यात माती खचते, महिन्याभराने जाऊन आणखी दोन घमेली टाका. कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक दवाखान्यात कळवून नोंद बंद करून घ्यायला विसरू नका.